रिफ्की उस्ताची दाढीवाली फुलं

माझा मेहुणा रिफ्की हा आमच्या कोजापनार गावचा न्हावी; कारागीर म्हणून सगळे त्याला मानानं उस्ता म्हणतात. दिवसभर तो लोकांच्या दाढ्या उतरवतो आणि संध्याकाळी घरी जाऊन दाढ्या वाढवतो. हे मी विनोदानं सांगत नाही. त्याच्या या उद्योगापायी माझ्या बहिणीचे, सबाहतचे, केस वेळेआधी पांढरे झाले, आणि ते रंगवून घ्यायलाही तिला त्याच्याच खुर्चीत बसावं लागतं.

माझं चहाचं दुकान त्याच्या दुकानाला चिकटून आहे. मधली भिंत इतकी पातळ, की त्यानं वस्तरा पट्ट्यावर घासला तरी माझ्या बशा थरथरतात. तेव्हा त्याच्याबद्दल मी जे सांगतो ते ऐकीव नाही.

आमच्या भागाला गुलाबाचं वेड. मे महिना आला की माणसं सूर्य उगवायच्या आत गुलाब खुडायला पळतात आणि अत्तराच्या भट्टीवर नेऊन ओततात. रिफ्कीला गुलाब आवडत नाही. "गुलाब कुणाकडेही बघून हसतो," असं त्याचं म्हणणं. त्याला आवडतं सूसन. आता हा शब्दही गावात तो एकटाच वापरतो. बाकी सगळे त्याला कबरफूल म्हणतात, कारण आमच्याकडे ते कबरस्तानातच फुलतं. घरातलं म्हातारं माणूस गेलं की कबरीच्या उशाशी एक कंद लावायचा, ही रीत. असलं फूल अंगणात लावणं म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत मयताची पेटी मांडून ठेवणं.

"हे कबरफूल नाही, सूसन आहे," रिफ्की सांगत सुटतो.

"मग कबरीवर असतं ते काय?" मी विचारतो.

"तेही सूसनच. ते फक्त तिकडे राहायला गेलंय."

एकदा त्यानं माझ्या दुकानात एक फूल आणून गिऱ्हाइकांना धडाच दिला होता. "हे बघा, तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबतात. खालच्या पाकळीवर ही केसाळ पट्टी दिसते ना, ती दाढी. ओढ्याकाठी जे निळं फूल येतं, ते दिसायला असंच, पण त्याची पाकळी गुळगुळीत. त्याला पाणी लागतं, ते चिखलातही सुखी असतं. दाढीवाल्याला पाणी म्हणजे विष. ओळखायची पहिली खूण दाढी, आणि जगवायची पहिली अट कोरडी माती."

"तुझ्या दुकानात तर उलटं आहे," मी म्हटलं. "दाढीवाला आला की आधी पाण्याचा फवारा."

सगळे हसले. रिफ्की नाही हसला. फुलांच्या बाबतीत त्याला थट्टा पचत नाही.

दाढीशिवाय आणखी खुणा तो बघतो. कळीवरचं वेष्टन हिरवं आहे की कांद्याच्या सालीसारखं सुकं, फुलाला द्राक्षाचा वास येतो की साबणाचा, पानांचा पंखा बुडाशी हिरवाच आहे की जांभळा. पण या जातींना म्हणायचं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. मग त्यानं आपल्या परीनं बारसं उरकलं. ज्या फुलाची दाढी ज्या गिऱ्हाइकासारखी, त्याला त्या गिऱ्हाइकाचं नाव. पांढऱ्या फुलाच्या पिवळ्या दाढीवर तंबाखूचा डाग पडल्यासारखं दिसायचं, म्हणून ते इमामसाहेब. गडद जांभळं, दाढी आखूड आणि रागीट, ते आमचे गावकारभारी मुख्तार. फिकट निळं, दाढी नुसती नावाला, तो पोस्टमन.

यातून व्हायचं तेच झालं. एका पावसाळी वसंतात रिफ्की माझ्या दुकानाच्या दारात उभा राहून मला ओरडून सांगू लागला (आबी म्हणजे आमच्याकडे दादा), "जेवात आबी, इमामसाहेब गेले रे! बुडाशी हात लावला तर लिबलिबीत. वास तर असा येतोय की विचारू नकोस. आज वस्तऱ्यानं कापून बघतो, नाहीतर फेकून देतो."

आत इमामसाहेब चहा पीत बसले होते. त्यांनी पेला खाली ठेवला, स्वतःच्या बगलेचा हळूच वास घेतला आणि उठून गेले. पुढचे काही आठवडे ते दाढी कातरून घ्यायला शेजारच्या गावी जात होते.

कापायचं म्हणजे तो खरंच वस्तऱ्यानं कापायचा. सूसनचा कंद आल्यासारखा आडवा वाढतो. सडका भाग तो हलक्या हातानं तासून काढायचा, जखमेवर दुकानातलं, दाढीनंतर गालाला लावायचं लिंबाचं कोलोन शिंपडायचा आणि पानं तिरकी कातरून पंखा नीट करायचा. मग कंद परत मातीत, पण अर्धाच. "पोट मातीत, पाठ उन्हात," असं म्हणत तो माती दाबायचा. सबाहत ती पाठ झाकायला वरून माती टाकायची, कारण तिला ते उघडं-नागडं वाटायचं. तो परत उकरायचा. त्यांच्या संसारातली निम्मी भांडणं या एका गोष्टीवरून झाली.

हे कंद यायचे कुठून, हे कुणी त्याला विचारलं की तो म्हणायचा, "पलटणीतला एक मित्र पाठवतो." या मित्राचं नाव तो दर वेळी वेगळं सांगायचा. तरी कुणी फार खोदून विचारलं नाही. आपल्या मेहुण्याला मित्र आहे, याच गोष्टीचं मला नवल होतं.

पण त्याची मुलगी बेल्गिन लग्नाची झाली आणि ही फुलं नुसती थट्टेची गोष्ट राहिली नाहीत. पहिलं स्थळ आलं ते वरच्या आळीतलं. मुलाची आई फाटकातून आत आली, तिनं फुललेल्या इमामसाहेबांकडे, मुख्तारांकडे बघितलं, तोंडातल्या तोंडात दुवा पुटपुटली आणि चप्पल न काढताच परत फिरली. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की न्हाव्याच्या घरात माणूस मरायच्या आधीच कबरीची तयारी असते. बेल्गिननं ते हसण्यावारी नेलं, कारण तो मुलगा तिला आवडलाच नव्हता. सबाहत मात्र महिनाभर नवऱ्याशी बोलली नाही. रिफ्की म्हणतो तो महिना बागेला चांगला गेला.

या वर्षीची गोष्ट वेगळी होती. या वेळी मुलगा बेल्गिननंच निवडला होता. तुंजाय नाव, धरणाच्या ऑफिसात कामाला, पोरगा सालस. त्याचे वडील नेजमी बे, म्हणजे नेजमीसाहेब, कडक इस्त्रीचा माणूस. आणि त्यांच्या घरात शब्द चालायचा तो त्यांच्या आईचा, झेकिये आजीचा. ती शेवकेत आबींची बायको. शेवकेत आबी माझं जुनं गिऱ्हाईक, काही वर्षांपूर्वी वारले. आजी दर शुक्रवारी कबरस्तानात जाते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मागणी घालायला तीच येणार होती. म्हणजे कबरफुलाचा अर्थ जिला सगळ्यांत नीट कळतो, तीच बाई फाटकातून आत येणार. आणि दिवस ठरला होता मे महिन्यातला रविवार, ऐन बहराचा.

सबाहतनं शुक्रवारीच बजावलं. "रिफ्की, रविवारी मला अंगणात एक जरी कबरफूल दिसलं, तर सगळी कंदासकट उपटून बकरीला घालीन."

"बकरी खात नाही. कडू असतात."

"मग तुला घालीन!"

 बेल्गिननं फक्त बापाकडे बघितलं. बास, तेवढं पुरलं. शनिवारी संध्याकाळी रिफ्कीनं स्वतःच्या हातानं एकेक दांडा कापला. इमामसाहेब, मुख्तार, पोस्टमन, सगळे बादल्यांत घालून दुकानात आणले आणि शटर ओढून घेतलं. मी त्याला चहा नेऊन दिला. तो फुलांकडे पाठ करून बसला होता. एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता, पण त्या दिवशी माझ्याच्यानं मारवला नाही. मला त्याची दया आली, हे सरळ सांगतो.

एक दांडा मात्र त्यानं कापला नव्हता. भिंतीजवळ एक रोप होतं, ज्याच्या पंख्याचं बूड जांभळं होतं. गावात दुसऱ्या कुठल्याच सूसनचं बूड जांभळं नाही. लावल्यापासून ते फुललंच नव्हतं, त्यामुळे त्याचा रंग, दाढी, काहीच माहीत नाही, आणि म्हणून त्याला नावही नव्हतं. या वर्षी त्यानं पहिल्यांदा कळी धरली होती, आणि ती रविवारी उमलणार हे रिफ्कीला दिसत होतं. त्यानं त्यावर द्राक्षं भरायचा उंच करंडा उपडा घातला. वर एक वीट ठेवली. झालं, कुणाला काय कळतंय!

रविवारी पाहुणे आले. मामा म्हणून मलाही टाय बांधून बसवलं होतं. अंगण भादरलेल्या डोक्यासारखं साफ दिसत होतं. नेजमी बेंनी मान डोलावली, सबाहतचा जीव भांड्यात पडला. बेल्गिननं कॉफी आणली. रीतीप्रमाणे नवऱ्या मुलाच्या कॉफीत मीठ घातलं होतं, आणि हात जरा सढळच पडला होता. तुंजाय ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. त्याचे डोळे लाल झाले, पण चेहरा हलला नाही. पोरगा पास.

आता आजीनं घसा खाकरून मागणीचे शब्द म्हणायचे, एवढंच बाकी. सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसले. आजी म्हणाली, "आत जीव घुसमटतो बाई. जरा अंगणात बसते. मागणी कुठे पळून जाते का?"

तिच्या मागोमाग आम्ही सगळेच बाहेर. तिला खुर्ची दिली. तिची नजर फिरत फिरत करंड्यावर थांबली.

"त्याच्याखाली काय कोंडलंय?"

"कोंबडी," रिफ्की म्हणाला. "खुडूक झालीये. म्हणून कोंडली."

दुसऱ्या कुणाला हे पटलं असतं. पण आजीनं उभ्या जन्मात शेकडो कोंबड्या पाळल्या होत्या.

"उन्हात? मारायचीये का तिला? आणि अंगणात एक पीस नाही की शीट नाही. कसली रे तुझी कोंबडी?"

"स्वच्छ आहे, आजी. स्वभावानंच."

"आवाज पण नाही."

"लाजते."

सबाहतनं नवऱ्याकडे असं बघितलं की मीच एक पाऊल मागे सरलो. तिच्याकडे कोंबडी नव्हती, कधीच नव्हती. आजी मात्र उठली. "खुडूक कोंबडीचं मला कळतं. बघू दे," म्हणत तिनं वीट बाजूला केली आणि कुणी पुढे व्हायच्या आत करंडा उचलला.

फूल उमललं होतं. वरच्या पाकळ्या मधाच्या रंगाच्या, खालच्या जांभळट तपकिरी, आणि त्यावर भरघोस केशरी दाढी. असलं फूल मी जन्मात बघितलं नव्हतं. रिफ्कीनंही नव्हतं. एवढा प्रसंग ओढवलेला, पण हा बाबा खाली वाकून दाढी बघायला लागला!

"या अल्ला," सबाहत पुटपुटली.

आजी हलली नाही. तिनं एक बोट त्या पाकळीला लावलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "हे कुठून आणलंस?"

"पलटणीतल्या मित्रानं—"

"खोटं बोलू नकोस. हे माझ्या माहेरचं फूल आहे. माहेर धरणाखाली गेलं, पाणी चढायच्या आधी मी हा एक कंद पदरात बांधून आणला होता. तो मी शेवकेतच्या उशाशी लावला. दुसरा जगात कुठे नाही. आता बोल."

रिफ्कीनं टोपी काढली. "कबरीवरूनच घेतला, आजी. तेव्हा फूल नव्हतं, नुसतं जांभळं बूड दिसलं आणि मला राहवलं नाही. बोटाएवढाच तुकडा. सगळेच कंद मी तिथूनच आणलेत. पण फुकट नाही. ज्याचा कंद घेतला, त्याच्यासाठी फातिहा पढलो. शेवकेत आबींसाठी तर तीनदा."

म्हणजे पलटणीतले मित्र ते हे! नेजमी बेंचा चेहरा जांभळा झाला. "माझ्या वडिलांची कबर उकरली या माणसानं! आई, ऊठ. तुंजाय, चल. या घरात आपल्याला नातं जोडायचं नाही."

बेल्गिन रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन दारात उभी होती.  तुंजाय जागचा हलला नाही, हे मी त्याच्या नावावर जमा केलं. 

"गप रे," आजी मुलाला म्हणाली. तिचं लक्ष रिफ्कीकडेच होतं. "तुझं जगलं. माझं का मेलं?"

"मेलं?"

"दोन वर्षं झाली. आधी पानं पिवळी पडली, मग सगळं बसलं. मला वाटलं, शेवकेतनं परत केलं. तो गेला त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. चिखलाचे बूट घालून घरात आला म्हणून मी त्याला चहा दिला नाही. म्हटलं, जा, प्यायचा तर चहाच्या दुकानात पी. तो गेला, आणि परत आलाच नाही. फूल मेलं तेव्हा मी समजले, माणूस अजून रुसलेलाच आहे." तिनं डोळे पुसले नाहीत. ते तसेच वाहू दिले.

 शेवकेत आबींनी माझ्याच बाकावर प्राण सोडला होता. चहा पुढे यायच्या आधीच.

रिफ्कीनं मात्र विचारलं, "आजी, पाणी किती घालायचात?"

"म्हणजे काय! मयताला तहान लागते बाबा. दर शुक्रवारी दोन कॅन भरून. उन्हाळ्यात चार. कधी चुकवलं नाही."

"कंदावर माती?"

"उघडा पडला होता बिचारा. मी चांगली जाड माती ओढली त्याच्यावर."

रिफ्की तिच्यापुढे उकिडवा बसला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाशी बोलतो तसा हळू बोलला. "आजी, कुणी रुसलेलं नाही. शेवकेत आबींचा यात काही संबंध नाही. तुम्ही त्याला पाण्यात बुडवून मारलंत. दाढीवालं फूल आहे ते. त्याला पाणी चालत नाही. पाठ उन्हात तापली तरच जगतं."

"पाण्यानं मेलं?"

"पाण्यानं. अति मायेनं मेलं म्हणा हवं तर."

"म्हणजे तो रुसला नव्हता?"

"मेलेला माणूस रुसून फूल परत करत असता, तर त्यानं मला तुकडा तरी नेऊ दिला असता का?"

आजीनं यावर बराच विचार केला. मग ती हसायला लागली. रडत होतीच, त्यात हसू मिसळलं आणि तिला ठसका लागला. सबाहत पाणी घेऊन धावली. आजीनं पेला बाजूला सारला, खुर्चीत ताठ बसली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि ज्या शब्दांसाठी आम्ही सकाळपासून टाय आवळून बसलो होतो, ते शब्द उच्चारले.

"अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबरांच्या वचनानं, रिफ्की उस्ता, मी हे फूल माझ्या शेवकेतसाठी तुझ्याकडे मागते."

नेजमी बे म्हणाले, "आई, फूल नाही, मुलगी!"

"हो हो. आणि मुलगी तुंजायसाठी."

रीत अशी, की मुलीच्या बापानं थोडे आढेवेढे घ्यावेत आणि मग "दिली" म्हणावं. रिफ्कीनं बेल्गिनकडे बघितलं, ती ट्रेआडून मान हलवत होती. "मुलगी दिली," तो पटकन म्हणाला. मग फुलापुढे जाऊन आडवा उभा राहिला.

"रिफ्की!" सबाहत दात आवळून म्हणाली. "दे!"

"आत्ता कसं देऊ? बहरावर आहे. बहर संपल्यावर कंद फुगेल, मग जुलैत उपटायचा, तोडायचा, जखम सुकवायची. आजी, मुलगी हवी तर आजच न्या. सूसन जुलैच्या आधी मिळणार नाही. आणि माझ्या अटी आहेत."

"बोल."

"पाणी नाही. माती ओढायची नाही. लाड तर बिलकूल नाही."

"कबूल," आजी म्हणाली. नेजमी बे खुर्चीत बसले आणि त्यांनी टायची गाठ सैल केली.

जुलैत रिफ्कीनं कंद वस्तऱ्यानं तोडला, कोलोन लावलं आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, राजरोस कबरस्तानात जाऊन लावला. पुढच्या शुक्रवारी आजीनं मला निरोप धाडला, थर्मासभर चहा आणि दोन पेले घेऊन वर कबरस्तानात ये. गेलो तर रिफ्की आधीच एका देवदारामागे लपून उभा होता. म्हणाला, "बघायला आलोय. म्हातारीचा भरवसा नाही, पाणी ओतेल."

आजीबरोबर कॅन नव्हता. हात रिकामे असल्यामुळे ते कुठे ठेवावेत हे तिला सुचत नव्हतं. ती कबरीच्या कडेला बसली. मी चहा ओतून दिला, दोन्ही पेले भरले आणि देवदाराकडे मागे सरलो. तिनं एक पेला उशाशी ठेवला, त्या उघड्या पाठीच्या कंदाजवळ. आम्हाला ती नीट ऐकू येत होती, कारण म्हाताऱ्या माणसांना हळू बोलता येत नाही.

"शेवकेत, त्या दिवशीचा चहा हा. गरम आहे बघ. माझ्याकडून राहिला होता."

मग तिनं पेला उचलला. रिफ्कीनं माझा दंड घट्ट धरला. आता ही तो मातीवर ओतणार, असं आम्हा दोघांनाही वाटलं. पेला कंदावर वाकडा झाला, थांबला आणि सरळ झाला.

"पण तुला देता येत नाही बाबा," आजी म्हणाली. "न्हाव्यानं मना केलंय." आणि त्याच्या वाटणीचा चहाही तिनंच पिऊन टाकला.